न्हानू पायलटचा गियर

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरातला रविवार. रक्कम अडीच हजार रुपये. हजर तिघे: न्हानू पायलट, परसू मिस्त्री आणि मी. जागा डिचोली बाजाराच्या मागचं परसू मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज. न्हानूने शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढून ग्रीसने काळ्या झालेल्या बाकावर ठेवल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक पाना ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, ह्या पैशांत माका परत पायलट कर."

मिस्त्रीने आधी नोटांकडे पाहिलं, मग न्हानूच्या उजव्या पायाकडे. त्या पायात बूट होता, पण बुटाच्या आत नडगीच्या खाली रबर होतं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवर भाडं मारणारा. बाजारात, बसस्टँडवर, जत्रेच्या तोंडाशी पिवळ्या मडगार्डच्या गाड्या रांगेने उभ्या असतात. मागे बसायचं, गाव सांगायचं, पोचल्यावर पैसे द्यायचे. पेडण्याच्या स्टँडवर तेव्हा दहा-बारा पायलट होते. त्यातला न्हानू मूळचा पार्सेचा. आमच्या घराला लागून दोन खोल्या भाड्याने घेऊन तो, त्याची बायको सुमित्रा आणि दोन मुली राहत. बुटका, रुंद खांद्यांचा, खाकी शर्टाच्या कॉलरला घामासाठी रुमाल दुमडून लावलेला. प्रत्येक भाड्याआधी तो आरशात बघून केस विंचरायचा. इतर पायलट त्याला हसत. तो म्हणायचा, "पॅसेंजराक माझां तोंड दिसत नाय रे, केसच दिसतत."

त्याची गाडी साडेतीनशेची बुलेट. ती तो कधीच सपाटीवर उभी करत नसे, नेहमी उताराकडे तोंड करून. पॅसेंजर बसला की ब्रेक सोडायचा, गाडी आपोआप घरंगळायची, चार हातांवर क्लच सोडला की इंजिन धडधडायला लागायचं. किक मारणं त्याला कमीपणाचं वाटे. "किक मारणां म्हणजे गाडीच्या पाया पडणां," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दुसरी सवय वजनाची. कोणी बसायला आला की तो डोळ्यांनी त्याला खालून वर मोजायचा आणि आकडा सांगायचा. "बासष्ट. पिशयेसकट सदुसष्ट." मी आकड्यांत नोकरी करणारा माणूस, मला ही थापच वाटे. एकदा तांदळाच्या गिरणीत काट्यावर उभा राहून मी स्वतःला तोलून पाहिलं. त्याने अठ्ठावन्न सांगितले होते, काटा अठ्ठावन्नाच्या किंचित पुढे थांबला. मी त्याला ते सांगितलं तेव्हा त्याला काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, "खिशात चावयो होत्यो मगे."

पण त्याचं खरं वेड गियरचं होतं. गियर बदलताना पॅसेंजरची मान पुढे हलली तर न्हानूचा दिवस खराब जायचा. ह्याचा अनुभव मी एका चवथीला घेतला. आमचं मूळ घर डिचोली तालुक्यातलं, गणपतीही तिथल्याच मूर्तिकाराकडून आणण्याची आमची पद्धत. त्या वर्षी ठरवलेली जीप ऐनवेळी आली नाही. न्हानू म्हणाला, भाऊ, तू मूर्ती मांडीयेर घेवन बस, मी घराक हाडतंय. माझ्या बायकोला हे पसंत नव्हतं. पण दुसरा मार्ग नव्हता. मी मागे बसलो, मूर्ती मांडीवर, वर धुतलेलं उपरणं, दोन्ही हात मूर्तीभोवती. म्हणजे धरायला मला काही नव्हतं.

डिचोलीहून पेडण्यापर्यंतच्या त्या रस्त्यात न्हानूने गियर किती वेळा बदलला हे मी बोटांवर मोजलं. एका हाताची बोटं पुरली. वळण लांबून बघायचा, वेग आधीच सोडायचा, चढ यायच्या आधी थोडी गती गोळा करून ठेवायचा आणि तिसऱ्या गियरमध्येच सगळं उरकायचा. असनोड्याच्या पुढे मी विचारलं, इंजिन दमत नाही का? त्याने मान न वळवता उत्तर दिलं, "गियर बदलणां म्हणजे इंजिनाक शिवी घालणां. मागे देव बसलेलो असताना शिवी कशी घालू?" घरी पोचल्यावर आईने उपरणं काढलं. मूर्तीच्या हातातल्या मोदकाचं टोकसुद्धा जसंच्या तसं होतं.

न्हानूचं रोजचं एक भाडं ठरलेलं होतं. मोरजीची शेवंतीबाय. पन्नाशीची, काटक, आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला भाव सांगितला की दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक उभं राहायचं. सकाळच्या बसने ती मासे घेऊन पेडण्याला यायची, बाजार उठला की उरलेली पाटी घेऊन कोरगावला दारोदार विकायला जायची. ते जाणं न्हानूच्या गाडीवरून. न्हानू म्हणायचा पाच रुपये, ती म्हणायची तीन. मग दोघं एकमेकांचे पूर्वज काढत कोरगावपर्यंत जात आणि तिथे उतरल्यावर ती चार रुपये द्यायची. रोज पाच, रोज तीन, रोज चार. मी न्हानूला एकदा म्हटलं, अरे, मग सुरुवातीलाच चार सांग की. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे हिशेब समजावण्याचं सोडून दिलं.

त्या दिवसांत स्टँडवर मराठी की कोकणी हा वाद रोज पेटलेला असे. पायलटांतही दोन तट होते, आणि दोन्ही तटांना न्हानू आपल्या बाजूला हवा होता. त्याचं उत्तर एकच असे. "पॅसेंजर ज्या भाशेत घासाघीस करता, त्याच भाशेत मी नाय म्हणतंय. आजून काय होयां?" असं म्हणून केस विंचरायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात डिचोलीहून परतताना एका वळणावर खनिजाच्या ट्रकने त्याला कडेच्या दगडी कठड्यावर दाबलं. मागे बसलेल्या शिक्षकाला नुसतं खरचटलं. लोक धावले तेव्हा न्हानू शुद्धीवर होता आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो "पॅसेंजर खंय?" पाय वाचला नाही. पावसाळाभर तो घरी. मग पुण्याला जाऊन रबराचा पाय बसवून आला. ट्रकवाल्याकडून भरपाई मिळाली तिच्यातून औषधपाणी आणि पुण्याचा खर्च वजा जाता उरले ते हे अडीच हजार.

ह्या पैशांचं काय करावं ह्यावर सगळ्या वाड्याचं मत होतं. बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, न्हानू पाय लांब करून बसलेला असायचा आणि येणारा प्रत्येकजण त्याला पानाचा गाडा घाल म्हणून सांगून जायचा. सरकारात अर्ज केलास तर बाजारात जागा मिळेल, बसून धंदा होईल. न्हानू ऐकून घ्यायचा. एकदा मात्र मला म्हणाला, "गाड्यार बसलंय तर लोक माझ्याकडे येतले. माका लोकांक घेवन जावक होयां."

सुमित्राला पैसे मुलींच्या नावाने बँकेत ठेवायचे होते. तिने आरडाओरडा केला नाही. आम्ही डिचोलीला निघालो त्या सकाळी ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत, पण न्हानूला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊजी, ही गाडी चल्ली नाय तर पायय गेलो आणि पैशेय गेले." तिचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं.

परसू मिस्त्री मूळचा गडहिंग्लजकडचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायला आला, पुढे नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. विनय हा गुण त्याच्याकडे नावालाही नव्हता. बुलेटच्या कामात गोव्यात आपल्या तोडीचा माणूस नाही हे तो दर गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक नसेल तर शेजारच्या सलूनवाल्याला. त्याने न्हानूची गाडी फिरून पाहिली आणि अडचण सांगितली. बुलेटचा गियर उजव्या पायाने टाकायचा आणि मागचा ब्रेक डाव्या पायाने दाबायचा. म्हणजे जो पाय गेला त्याचंच काम गियरचं.

"दोन रस्ते हायत," मिस्त्री म्हणाला. "एक सोपा. हाय त्या गियरला वर दांडा जोडायचा, टाकीच्या बाजूला, उजव्या हातानं ढकलायचा. डाव्या हातानं क्लच दाबला की उजवा हात तसाबी रिकामाच असतोय. खर्च काय न्हाई. पर दिसतंय बेंगरूळ. दुसरा रस्ता म्हंजे गियरबॉक्सच्या खालनं आडवी दांडी घालून गियर डाव्या पायाखाली न्यायचा. टाचंनं एक, चवड्यानं एक. मागचा ब्रेक उचलून उजव्या मुठीत, पुढच्याच्या संगं. हे काम मी सोडून कोण करंल त्याचं नाव सांगा."

न्हानूने क्षणभरही विचार केला नाही. डाव्या पायाखाली. मी हळूच विचारलं, सोप्या कामात वाईट काय आहे? तेव्हा तो मिस्त्रीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दांडो धरून गाडी हाकूक लागलंय तर बाजार म्हणतलो, लंगडो पायलट इलो. लंगड्याच्या मागे कोण बसता? माका अशी गाडी होयी की लांबून बघणाऱ्याक काय कळूचां नाय."

मग गाडीच्या पोटातल्या भागांची निवड. ह्यात सकाळची दुपार झाली आणि मला ती आठवते ती न्हानूच्या चेहऱ्यामुळे. सहा-सात महिन्यांत प्रथमच त्याला कोणी पायाबद्दल सोडून दुसरं काही विचारत होतं.

बाकावर मिस्त्रीने दात्यांची चाकं मांडली. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत दोन साखळ्यांनी जाते, हे मला त्या दिवशी कळलं. एक आतली. ती इंजिनापासून क्लचपर्यंत, डबीत बंद, तेलात बुडालेली. दुसरी बाहेरची, गियरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत, आपल्याला रस्त्यावर दिसते ती. न्हानूची मागणी सरळ होती. गियर कमीत कमी वेळा बदलायला लागावा. पेडण्याच्या बाजारापुढची चढण दोन माणसं आणि पाटीसकट तिसऱ्यात चढली पाहिजे.

"मग गाडी जरा खाली वढाय पायजे," मिस्त्री म्हणाला. वेग कमी, जोर जास्त. त्याला वाटत होतं इंजिनाकडचं आतलं चाक लहान करावं. न्हानूने ते हातात घेतलं, बोटांनी दाते चाचपले आणि विचारलं, मग वाढलेलं ओझं कोणावर पडतलां? मिस्त्री म्हणाला, क्लचवर. न्हानूने चाक खाली ठेवलं. क्लचवर नको. क्लच हाच माझा पाय आहे आता, तो घसरला तर संपलं.

दुसरा उपाय म्हणजे गियरबॉक्सच्या तोंडावरचं चाक बदलायचं. गाडीत होतं ते सोळा दात्यांचं, त्याऐवजी पंधराचं. त्याने जोर तेवढाच मिळतो, ओझं मात्र बाहेरच्या साखळीवर पडतं. बाहेरची साखळी लवकर झिजेल, असं मिस्त्रीने बजावलं. न्हानूला ते चालणार होतं. "झिजली तर माका दिसतली. डबीच्या आत काय झिजतां तां कोणाक कळतां?" मिस्त्री म्हणाला, "पर नीट इचार करा पायलट. हे चाक क्लचच्या मागं असतंय. उद्या नको वाटलं तर बदलाय आख्खं पोट फाडाय लागतंय." न्हानू म्हणाला, "पोट एकदाच फाड. पंधरा."

राहिली आतली साखळी. मिस्त्रीने एका मोडीत काढलेल्या गाडीची साखळी पुढे केली, निम्म्या किमतीत. न्हानूने ती एका टोकाला धरून आडवी केली. चांगली साखळी अशी धरली की काठीसारखी ताठ राहते. ही माडाच्या झावळीसारखी खाली वाकली. न्हानू साखळी तशीच हवेत धरून मिस्त्रीकडे बघत राहिला. शेवटी मिस्त्रीच हसला आणि म्हणाला, नवी मागवतो बेळगावास्नं. क्लचच्या प्लेटाही नव्या ठरल्या. लेथचं काम, आडवी दांडी, दोन तारांचा ब्रेक, पंधराचं चाक, साखळ्या आणि मजुरी धरून मी बेरीज केली ती अडीच हजारांच्या आत शंभर रुपये बसली.

साखळी लवकर आली नाही. डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसेस बंद झाल्या. न्हानू कदेलीवर बसून म्हणायचा, "हे मराठी म्हणतत, ते कोकणी म्हणतत. माझी चेन मात्र बेळगावात मुकी बसली." शेवटी जानेवारीत मिस्त्री तयार झालेली गाडी घेऊन पेडण्याला आला. लांबून बघणाऱ्याला खरंच काही कळत नव्हतं. उजवी बाजू रिकामी, डावीकडे पायाखाली गियरची एक लांब पट्टी, पुढे चवड्याला आणि मागे टाचेला. कमी जोर लागावा म्हणून मिस्त्रीने टाचेकडची पट्टी मुद्दाम लांब ठेवली होती.

आम्ही सगळ्या परीक्षा घेतल्या. आधी न्हानू एकटा. मग मागे मी. मग मिस्त्री, माझ्याहून वीस किलो जड. मग तांदळाचं पोतं बांधून. बाजारापुढची चढण गाडी तिसऱ्यात चढली, इंजिनाने कुरकुर केली नाही. वर पोचल्यावर न्हानूने मागे वळून मला विचारलं, "मान हालली?" नव्हती हालली. त्या संध्याकाळी त्याने मडगार्डला पिवळा रंग स्वतः दिला.

बदललेल्या गाडीच्या सरकारी तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. तोवर भाडं मारायचं नाही असं ठरलं होतं. पण न्हानू गाडी घेऊन बाजारात गेला, उताराकडे तोंड करून उभा राहिला, आणि शेवंतीबायने त्याला पाहिलं. तिने विचारलं नाही, थांबली नाही, पाटी डोक्यावरून काढून सरळ मागे येऊन बसली. "चल रे." काय करणार? निघाला.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना तो हसत नव्हता. चढणीच्या पायथ्याशी एक बस आडवी आली म्हणून त्याला थांबावं लागलं. पुन्हा निघायचं ते पहिल्या गियरमध्ये. थोडं वर गेल्यावर त्याने दुसरा टाकायला टाच दाबली. पट्टी अर्धीच खाली गेली आणि कशावर तरी अडली. पहिला आणि दुसरा ह्यांच्या मधोमध गाडी कुठल्याच गियरमध्ये नसते. इंजिन मोकळं गुरगुरलं, गाडी उतारावर मागे यायला लागली. उजव्या मुठीतले दोन्ही ब्रेक त्याने आवळले, पण मागे घसरणारी गाडी सावरायला जमिनीवर टेकवला तो रबराचा पाय. गाडी सावकाश आडवी झाली. दोघं गटाराच्या काठावर, मासे रस्त्यावर.

पट्टी अडली होती ती शेवंतीबायच्या पायावर. आमच्याकडे बायका लुगडं सांभाळून मागे एका बाजूला बसतात, दोन्ही पाय डावीकडे, साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीखालच्या पायरीवर. न्हानूच्या मागे इतक्या वर्षांत शेकडो बायका बसल्या असतील. पण त्यांचे पाय डावीकडे आणि त्याचा गियर उजवीकडे, दोघांची कधी गाठ पडली नव्हती. आणि आम्ही परीक्षा घेतल्या तेव्हा मागे मी, मिस्त्री आणि तांदळाचं पोतं. तिघांपैकी कोणी लुगडं नेसत नाही.

लागलं कोणालाच नव्हतं. हे सगळं न्हानू नीट सांगत होता. मग म्हणाला, "तिणां मासे गोळा केले. एक शबुद बोलली नाय. माका शिवी नाय, गाडीक नाय. मगे कमरेची पिशवी काढली आणि माका पाच रुपये दिले."

मी म्हटलं, बरं मग.

"पाच, भाऊ. मी सांगूक नाय होते. तिणां आपणच दिले, लंगड्याक दितत तशे." आणि तो कदेलीत मागे रेलून बसला. मुलींनी जेवायला हाक मारली तरी उठला नाही. सुमित्रा दाराशी उभी होती. तिने ऐकलं होतं. आत जाऊन तिने त्याचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डिचोलीला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्या गॅरेजात बाईमाणूस गाडीवर कवा बसलंच न्हाई," एवढंच म्हणाला. मग लगेच सावरला. टाचेची पट्टी कापतो, वाकडी करतो, आत घेतो, अजून पाच प्रकार आहेत. न्हानूने त्याला मध्येच तोडलं.

"काप नको. काढ. सगळां काढ."

"आनि?"

"उजवीकडे दांडो लाव. उघड्यार. तू पयली सांगितलेलो तोच."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. न्हानू म्हणाला, "लपवूक गेलंय म्हणून शेवंतीचो पाय खंय आसा तां माका दिसलां नाय. आता लोकांक काय दिसूचां तां दिसांदी. चेनीचां मी तुका काय सांगितलेलां? झिजता तां भायर होयां."

दांडा तीन तासांत झाला. मागचा ब्रेक परत डाव्या पायाखाली गेला. पंधराचं चाक आणि नवी साखळी होती तशीच राहिली, पोट फाडायची गरज पडली नाही. मिस्त्रीने दांड्याचे पैसे घेतले नाहीत, आडव्या दांडीचे परतही दिले नाहीत. ह्यावर मी दोन शब्द बोलणार होतो, पण न्हानूने डोळ्याने थांबवलं. दांडा लोखंडी, टाकीच्या बाजूने वर आलेला, टोकाला नुसता बोडका. घरी आल्यावर सुमित्राने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. आत गेली. तिच्या माहेरचा जुना पलंग होता, त्याच्या खांबावरचा पितळी गोळा तिने पिळून काढला, चिंचेने घासला आणि न्हानूच्या हातावर ठेवला. तो गोळा दांड्यावर असा बसला की तिथलाच असावा.

तपासणीला मी बरोबर गेलो होतो. अधिकारी जाडजूड, हातात छडी, चेहऱ्यावर नाही म्हणण्याची तयारी. त्याने दांडा हलवून पाहिला, बूट बघितला आणि म्हणाला, मीच मागे बसतो, समोरच्या चढावर चला, मध्येच थांबा आणि पुन्हा निघा. न्हानूने कंगवा काढून केस विंचरले. मग अधिकाऱ्याला खालून वर मोजलं. "पंच्याऐंशी."

"ब्याऐंशी," अधिकारी म्हणाला.

"जेवचे आधी."

अधिकारी हसला नाही, पण बसला. चढावर मध्येच थांबून गाडी पुन्हा निघाली तेव्हा मी खालून बघत होतो. न्हानूचा उजवा हात मुठीवरून सुटला, पितळी गोळ्यावर गेला आणि परत मुठीवर आला. अधिकाऱ्याची मान हलली नाही. खाली येऊन त्याने कागदावर सही केली.

मी नंतर बदली होऊन डिचोलीला आलो. न्हानूने पुढे बरीच वर्षं गाडी चालवली, थोरल्या मुलीच्या लग्नानंतर विकली. विकताना दांडा काढून ठेवला होता असं ऐकलं. आमच्या भेटी व्हायच्या त्या लग्नकार्यात, पंगतीत. पण गाडीवर बसलेला न्हानू मी शेवटचा पाहिला तो बदलीच्या दिवशी. गोवा राज्य होऊन दोन-तीन दिवस झाले होते, बाजारात पताका अजून लटकत होत्या. सामानाचा टेंपो यायचा होता म्हणून मी स्टँडसमोर उभा होतो.

न्हानू कोरगावहून भाडं मारून आला होता आणि पुन्हा उताराकडे तोंड करून उभा होता. शेवंतीबाय पाटी घेऊन आली. त्या पाच रुपयांनंतर ती त्याच्या गाडीकडे फिरकली नव्हती. चालत जायची, नाहीतर दुसऱ्याच्या मागे बसायची. आज ती गाडीभोवती एक फेरी मारून पितळी गोळ्यासमोर थांबली.

"ह्यां काय? गाडीक शेंडी काढलंस?"

"बसतंस काय?"

"किती?"

"पाच."

"पाच? राज्य झालां म्हणून भाडां वाढयलंस?"

"राज्य झालां गो, पेट्रोल स्वस्त नाय झालां."

"तीन दितंय. शेंडयेवाल्याक तीन पुरे."

"तुझ्या बापाशीन कधी गाडी बघलेली?"

"माझ्या बापाशीक होडी होती. ती तरी सरळ जाय."

सगळा स्टँड ऐकत होता. दोघं थांबायला तयार नव्हती. भांडता भांडताच ती मागे बसली, पाय डावीकडे, पाटी मांडीवर. न्हानूने केस विंचरले. ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, इंजिन धडधडलं. चढणीच्या तोंडाशी त्याचा उजवा हात गोळ्यावर गेला आणि परत आला. पाटीतला एक मासाही हलला नाही. आवाज मात्र वळणाआड जाईपर्यंत दोघांचा ऐकू येत होता.

कोरगावला उतरल्यावर काय झालं ते न्हानूने मला टेंपो सुटायच्या आधी परत येऊन सांगितलं. शर्टाच्या खिशातून काढून दाखवलंही.

चार रुपये. शेवंतीबायकडून न्हानू पायलटाला.